फोटो काढला, पण ओळख पटली का?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "दरवर्षी मधुमेह होतो, गुंतवणूक होते, ताणतणाव होतो. या वर्षी तुम्ही तुमच्या पाखरांवर बोला." मी आधी नाही म्हटलं. मी रूळ सांभाळणारा डिप्लोमा इंजिनीअर आहे. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. पण मग वाटलं, की आज इथे बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बाल्कनीत एखादं फुलपाखरू आलं की आपण फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, पाचपन्नास अंगठे येतात आणि विषय संपतो. तो विषय तिथे संपू नये, एवढंच सांगायला मी उभा आहे.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या झाडावर एक पक्षी बसलेला दिसला. पाठ राखाडी, छातीवर तांबूस झाक, शेपटीवर पट्टे, डोळा पिवळा. मी नुकतीच मोठी लेन्स घेतली होती. (किंमत सौभाग्यवतींना अजून पूर्ण सांगितलेली नाही.) धडाधड वीस फोटो काढले आणि जाहीर केलं, 'शिक्रा!' ग्रुपवर वाहवा झाली. त्याच उत्साहात ती नोंद मी ई-बर्डवर चढवली. ई-बर्ड म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींची जगभरातली सामाईक वही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ती २००२ साली सुरू केली. तिथे नोंद संशयास्पद वाटली तर जाणकार स्वयंसेवक ती तपासतात.

चार दिवसांनी अत्यंत सभ्य भाषेत निरोप आला. 'कृपया चोच पुन्हा एकदा पाहाल का? पक्ष्याचा आवाज ऐकला होता का?' मला राग आला. इतका स्वच्छ फोटो असताना आवाजाचं काय काम? तरी फोटो मोठा करून पाहिला. शिक्रा शिकारी पक्षी, मांस फाडायला त्याची चोच आकड्यासारखी वळलेली असते. माझ्या पक्ष्याची चोच बरीच सरळ होती आणि डोळ्याभोवती पिवळं कडं होतं. तो शिक्रा नव्हताच. तो पावशा होता.

खरी गंमत पुढे आहे. त्या दिवसांत माझी आई गावाहून आली होती. ज्या सकाळी मी फोटो काढत होतो, त्याच सकाळी ती चहा घेता घेता म्हणाली होती, "पेर्ते व्हा ओरडतोय, पाऊस आलाच म्हणायचा." मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आपल्या शेतकऱ्याला त्याच्या आवाजात 'पेर्ते व्हा' ऐकू आलं आणि इंग्रज साहेबाला 'ब्रेन फीवर', म्हणजे डोक्यात गेलेला ताप. माझ्या लेन्सला जे जमलं नाही, ते आईने पाठमोरं बसून ओळखलं होतं.

पावशा शिक्र्यासारखा दिसतो तो उगीच नाही. तो कोकिळेच्या कुळातला, स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. शिक्रा आला असं वाटून लहान पक्षी बिचकतात आणि त्याचं काम सोपं होतं, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे जे सोंग सातभाईंसाठी घेतलेलं, त्याला एक सीनियर सेक्शन इंजिनीअरही फसला.

मी नोंद दुरुस्त केली आणि त्या दिवसापासून एक शिस्त लावून घेतली. ती मला नवी नव्हती, कारण आमच्या खात्यात ती रोजचीच आहे. गाडीला कुठेतरी धक्का बसतो, एवढ्या तक्रारीने आमचं काम होत नाही. कोणता किलोमीटर, कोणता खांब, डावा रूळ की उजवा, तारीख, वेळ आणि मोजमाप लागतं. मोजमाप नसेल तर ती नुसती हकीकत. फोटोचंही तसंच आहे. जागा, तारीख आणि पुरावा नसेल तर ते नुसतं सुंदर चित्र.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. पहिली, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा. माझे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो चुकीच्या तारखेचे आहेत. दुसरी, एकच देखणा फोटो काढून थांबू नका. पक्ष्याची चोच, पाय, शेपटी वेगवेगळी दिसायला हवी. फुलपाखराच्या पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू हव्यात. किडा ज्या झाडावर आहे त्या झाडाचं पानही टिपा. तिसरी, तो प्राणी काय करत होता, काय आवाज काढत होता, हे लगेच लिहा, घरी गेल्यावर आठवत नाही. चौथी सर्वांत अवघड. खात्री नसेल तर तसं लिहा. 'टिटवी, जात निश्चित नाही' ही नोंद चुकीच्या नावापेक्षा लाखपटीने बरी. आजकाल मोबाइलवरचं मर्लिन आवाज ऐकून किंवा फोटो पाहून पक्ष्याचं नाव सुचवतं. त्याने सुचवावं, ठरवायचं आपण.

फसवणारा पावशा एकटाच नाही. आंब्यावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या सर्वांनी पाहिल्या असतील. त्यांच्यात एखादी 'मुंगी' दोऱ्याला लटकलेली दिसली तर पाय मोजा. आठ भरले तर तो मुंगीचं रूप घेतलेला कोळी आहे. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरून चालतो, म्हणून घाईत सहाच दिसतात. लालबागेत आणि आपल्या सोसायटीच्या बागांतही तो आढळतो.

आणखी जवळचं उदाहरण तुमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याचं. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. आपण ती चिमट्याने काढून टाकतो. ती बहुधा कॉमन मॉर्मनची असते, मराठीत या फुलपाखराला बहुरूपी म्हणतात. नाव सार्थ आहे. नर एकाच रूपाचा, काळा, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीचा. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी आणि बाकी दोन दुसऱ्याच जातींच्या फुलपाखरांसारखी. ती फुलपाखरं विषारी असल्यामुळे पक्षी त्यांना खात नाहीत, म्हणून हिने त्यांचा वेश घेतला. हे वेषांतर कोणत्या जनुकामुळे होतं, याचा शोध २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक कृष्णमेघ कुंटे. आपल्या याच बंगळुरूतल्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये ते काम करतात. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे त्यांचं मराठी पुस्तक आपल्यापैकी काहींनी वाचलं असेल. देशभरातल्या हौशी लोकांचे फोटो तपासून, योग्य नावाखाली लावणारं 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' हे संकेतस्थळही त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं. तेव्हा पुढच्या वेळी कढीपत्त्यावरची अळी काढण्याआधी दोन मिनिटं थांबा. आठ-दहा पानं जातील, पण बहुरूपी घरात जन्माला येईल.

आता कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? नाव कळून काय मिळणार?

१९०८ साली मुंबईत एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड साहेब यांनी मुलाला नाव तर सांगितलंच, शिवाय कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. एका नावाच्या चौकशीतून एक आयुष्य उभं राहिलं.

आपल्या बंगळुरूतही ही परंपरा आहे. १९७२ साली जोसेफ जॉर्ज यांच्या पुढाकाराने इथे बर्डवॉचर्स फील्ड क्लब सुरू झाला. नोकरी-धंदा सांभाळून पक्षी पाहणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं नोंदी केल्या आणि त्यांतून १९९४ साली बंगळुरूच्या पक्ष्यांची सटीप यादी छापली गेली. कोणता तलाव आटला, कोणता पक्षी कधी दिसेनासा झाला, हे आज सांगता येतं ते अशा वह्यांमुळे.

देशपातळीवर २०२३ साली 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल आला. ९४२ जातींचा त्यात विचार झाला. आधार होता सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींचा. त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी. १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं त्यातून निघालं. कर्नाटकचा राज्यपक्षी नीळकंठ, ज्याचं दसऱ्याला दर्शन घ्यावं म्हणतात, त्याचीही संख्या घटत असल्याचं या नोंदींनीच दाखवलं. आणि सगळंच वाईट घडतं असं नाही. २०२० साली बंगळुरूच्या वेशीवरच्या पडीक जमिनीतून जमीन उकरून राहणाऱ्या बेडकाची एक जात विज्ञानाला नव्याने कळली. तिचं शास्त्रीय नावच 'स्फेरोथीका बेंगळुरू' असं ठेवलं आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या दारात बेडूक बसला होता आणि त्याला नाव नव्हतं.

इथपर्यंतचं ऐकायला बरं वाटतं. आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, यावर मी बराच विचार केला.

आमच्या भागातल्या एका लहान स्टेशनावर एक सायडिंग आहे. स्टेशनाचं नाव मुद्दाम सांगत नाही, घरट्यांची जागा जाहीर करू नये म्हणून. एप्रिल महिना होता. सायडिंगच्या टोकाला, बफरच्या अलीकडे मी चालत होतो, तोच आमचे कीमन ओरडले, "सार, तिथे पाय नको." कीमन म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन रोज पाच-सहा किलोमीटर रूळ पायी तपासणारा माणूस. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मी खाली पाहिलं. दोन स्लीपरांच्या मध्ये, खडीतच, खडीच्याच रंगाची चार अंडी होती. टोकं आत वळवलेली. वर टिटव्यांचं जोडपं आकांत करत होतं.

टिटवी आपल्या सर्वांच्या ओळखीची. रात्री ओरडली की आजी म्हणायची, कुणाचं तरी काही खरं नाही. इथे दोन जाती दिसतात. डोळ्यापुढे लाल मांसल गाठ आणि छाती काळी असेल तर ताम्रमुखी. गाठ पिवळी, डोक्यावर काळी टोपी आणि छाती काळी नसेल तर पीतमुखी. पाय दोघींचे पिवळे, त्यावर जाऊ नये. आमची ताम्रमुखी होती. ती काडीकचऱ्याचं घरटं करत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करते. रेल्वेची खडी तिला आवडते, कारण तिथे अंडी दिसतच नाहीत. नर-मादी पाळीपाळीने साधारण चार आठवडे अंड्यांवर बसतात. कडक उन्हात अंडी तापू नयेत म्हणून पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर सावली धरून उभे राहतात.

हे सगळं मी वाचलं आणि मला एकच ध्यास लागला. ओल्या पोटाने सावली धरलेल्या टिटवीचा फोटो. असा फोटो कुठे स्पर्धेला पाठवला तर बक्षीस हमखास, हेही मनात होतं. एका रविवारी भर दुपारी मी एकटाच गेलो आणि घरट्यापासून पंधरा फुटांवर बसलो. पक्षी येईना. डोक्यावर घिरट्या घालून ओरडत राहिला. मला वाटलं, सवय होईल. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. खडी हाताला लावून पाहिली तर चटका बसत होता. तरी मी उठलो नाही.

अण्णा रूळ तपासत तिकडून आले. साहेबाला बोलायचं म्हणजे अवघड. ते थोडा वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सार, नीवु होद्रे अदु बरुत्ते." तुम्ही गेलात तर ती येईल. मी उठलो. शंभर पावलं गेल्यावर वळून पाहिलं तर टिटवी अंड्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी चारपैकी दोन अंडी नव्हती.

कावळ्यांनी नेली असावीत. जवळच सिग्नलच्या खांबावर त्यांची बसायची जागा होती. मी अण्णांना विचारलं, "माझ्यामुळे गेली का?" ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "कागे नोडुत्ते, सार," एवढंच म्हणाले. कावळा बघत असतो. माणूस चाळीस मिनिटं एकाच जागी बसून काय पाहतोय, हे कावळ्यालाही कळतं. अंडी मी नेली नाहीत, पण वाट मी दाखवली असेल. याचं नक्की उत्तर मला कधीच मिळणार नाही.

पंचतंत्रात टिट्टिभाची गोष्ट आहे. समुद्राने अंडी नेली तेव्हा ते जोडपं गरुडाकडे गेलं, गरुड विष्णूकडे गेला आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. आमच्या टिटवीला गरुड मिळणार नव्हता. माझ्या हातात होतं तेवढं केलं. महिनाअखेर त्याच सायडिंगवर नवे रूळ उतरवायचे होते. वरिष्ठांना विचारून उतरवण्याची जागा दोनशे मीटर अलीकडे घेतली. कामाचा एक तासही वाया गेला नाही. अण्णांनी लांबून चार दगडांना चुना फासून खूण केली आणि गँगच्या लोकांना वळसा घालायला सांगितलं. मी कॅमेरा घरी ठेवला.

मे महिन्यात पलीकडच्या फलाटावरून दुर्बिणीने पाहिलं. टिटवीमागे दोन पिल्लं धावत होती. तिची पिल्लं अंड्यातून निघाली की लवकरच स्वतःच्या पायांवर फिरू लागतात. त्या वेळी मोबाइलने काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. सौभाग्यवतींनी तो पाहून विचारलं, "यात खडीशिवाय काय आहे?" तिचं बरोबर आहे, पिल्लं त्यात शोधूनही सापडत नाहीत.

नोंद मात्र मी केली. 'ताम्रमुखी टिटवी, प्रौढ दोन, पिल्लं दोन.' आणि शेऱ्यात लिहिलं, 'चारपैकी दोन अंडी नाहीशी. आदल्या दिवशी निरीक्षक घरट्याच्या फार जवळ बराच वेळ बसला होता.' आमच्याकडे अपघाताच्या चौकशीत ज्याची चूक त्याने ती लिहून द्यायची असते. इथे चौकशीला कोणी येणार नव्हतं, म्हणून आपणच लिहावं असं वाटलं.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. घरट्याचा फोटो काढत नाही. पक्षी ओरडू लागला, मान ताठ करून पाहू लागला की मी जवळ गेलो आहे असं समजून मागे येतो. पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज लावत नाही, आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून तो खाणं-पिणं सोडून भांडायला येतो. फुलपाखरू बाटलीत, कोळी फ्रीजमध्ये, असले प्रकार फोटोसाठी करत नाही. आणि घुबड किंवा घरटं असलेल्या जागेचा पत्ता ग्रुपवर टाकत नाही.

शेवटी एक विनंती. गणपती बसतात त्याच सुमारास आपल्याकडे एक पाहुणा येतो, करडा धोबी. हिमालयातून आणि त्याहीपलीकडून तो हिवाळ्यासाठी दक्षिणेत उतरतो. पाठ राखाडी, पोट पिवळं, लांब शेपटी सारखी वर-खाली. सोसायटीच्या गच्चीवर, पार्किंगमध्ये, नळाच्या पाण्याजवळही दिसतो. काळा-पांढरा, पांढऱ्या भुवईचा धोबी दिसला तर तो इथलाच, बारमाही. त्याला पाहुणा समजू नका. या वर्षी तुम्हाला पहिला करडा धोबी ज्या दिवशी दिसेल ती तारीख, वेळ आणि जागा लिहून मंडळात द्या. फोटो असला तर उत्तम, नसला तरी चालेल. खात्री नसेल तर 'खात्री नाही' असं लिहा. विसर्जनासाठी तलावाकडे जाल तेव्हा पालिकेने केलेल्या कुंडातच मूर्ती सोडा आणि दोन मिनिटं काठावर नजर टाका. पन्नास घरांनी पाच वर्षं एवढं केलं, तर आपल्या मंडळाकडे बंगळुरूच्या धोब्याची स्वतःची वही तयार होईल.

पहिली नोंद आमच्या घरची. गेल्या रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, गच्चीवर, एक. आईने पाहिला, मी आत फोन शोधत होतो.

गणपती बाप्पा मोरया!